अम्मीची झोप कोण मोजतं?

२०२४ सालच्या रमजानमध्ये, पंधराव्या रोजाच्या सेहरीला, अम्मी पडली. पहाटेचे साडेतीन वाजले होते. घरातले सगळे झोपलेले. कुणाची झोप मोडू नये म्हणून तिने दिवा लावला नव्हता. स्वयंपाकघरातून मोरीत उतरायला आमच्याकडे एकच पायरी आहे, जेमतेम वीतभर उंचीची. चाळीस वर्षं ती पायरी तिच्या पायाखालची. त्या पहाटे तिचा पाय चुकला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर.

दवाखान्यात डॉक्टरांनी माहिती विचारायला सुरुवात केली. शुगर किती असते? सांगितली. रक्तदाबाची गोळी कोणती? नाव सांगितलं, सकाळची की रात्रीची तेही सांगितलं. याआधी कधी फ्रॅक्चर? चार वर्षांपूर्वी मनगटाचं, घसरून पडली होती. पाळी कधी गेली? तेही आठवून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "रात्री झोपतात किती तास?"

आम्ही चौघं तिथे उभे होतो. मी, भाऊ, भाभी आणि धाकटी बहीण. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "झोपतात की. सात-आठ तास." भाभी हळूच म्हणाली, "कुठलं? मी झोपते तेव्हा त्या जाग्या असतात आणि उठते तेव्हा त्यांचा चहा झालेला असतो." अम्मी स्ट्रेचरवरून म्हणाली, "मेरेकू नींद आतीच नै. उम्र का है वो."

शुगरची वही असणाऱ्या आमच्या घरात झोपेचा हिशेब कुणाकडेच नव्हता. हा लेख त्या न ठेवलेल्या हिशेबाबद्दल आहे.

आधी माझी कबुली. काही वर्षांपूर्वी एका लेखात मी अम्मीबद्दल मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की आमच्या घरात सर्वांत शेवटी झोपणारी आणि सर्वांत आधी उठणारी माझी अम्मी आहे. पुष्कळ वाचकांनी कळवलं की आमची आईही अशीच होती, डोळे भरून आले. माझेही भरून आले होते. आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते. मी ज्याचं कौतुक करत होते तो तिचा त्याग असेल, पण ते तिच्या शरीराचं नुकसानही होतं. आणि त्याचा फायदा आम्हाला मिळत होता. गरम चहा, तयार डबे, झाडलेलं अंगण. कौतुक केलं की काही बदलावं लागत नाही.

हाड काय करतं?

हाड म्हणजे एकदा तयार झालेली, मेलेली, दगडासारखी वस्तू, असं मलाही वाटायचं. तसं नाही. हाड आयुष्यभर मोडत आणि बांधलं जात असतं. काही पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, काही पेशी तिथे नवं भरतात. तरुणपणी भरण्याचं काम पुढे असतं. तिशीच्या आसपास दोन्हीची बरोबरी होते. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, कुरतडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. दुखत काही नाही. म्हणूनच हा आजार बहुतेकदा पहिल्यांदा कळतो तो हाड मोडल्यावर. अम्मीचं मनगट मोडलं तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. पन्नाशीनंतर साध्या घसरण्याने मनगट मोडणं ही धोक्याची घंटा असते. आम्ही प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं आणि विसरलो.

या मोडण्या-बांधण्यालाही दिवस-रात्रीचं चक्र आहे. कुरतडण्याचं काम रात्री वाढतं, दिवसा उतरतं. शरीराच्या घड्याळाशी ते बांधलेलं आहे. म्हणून झोप बिघडली तर हाडांचं काय होतं, हा प्रश्न संशोधकांना पडला.

अमेरिकेत पाळी गेलेल्या स्त्रियांच्या आरोग्याचा एक फार मोठा अभ्यास १९९० च्या दशकात सुरू झाला, 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा. त्यातल्या ११,०८४ स्त्रियांच्या हाडांची घनता आणि त्यांनी सांगितलेली झोप यांची तुलना करणारा एक शोधनिबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. रात्री पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या स्त्रियांच्या हाडांची घनता सात तास झोपणाऱ्यांपेक्षा कमी भरली. खुब्यात ऑस्टिओपोरोसिस असण्याची, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असण्याची, शक्यता त्यांच्यात ६३ टक्क्यांनी जास्त दिसली. घनतेतला फरक तसा लहान होता, वय साधारण एका वर्षाने वाढल्यावर पडावा तेवढा. पण वर्षामागून वर्षं पाच तास झोपणाऱ्या बाईला तो फरक लहान म्हणून सोडून देता येत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या अभ्यासावरून कमी झोपेमुळेच हाडं झिजली असं सिद्ध होत नाही. कमी झोपणारी बाई आजारी असेल, कष्ट जास्त असतील, खाणं कमी असेल, दुखण्यामुळे झोप येत नसेल. संशोधकांनी यातल्या बऱ्याच गोष्टी हिशेबात धरल्या, तरी सगळ्या धरता येत नाहीत. अमेरिकेतच आणखी एक छोटा प्रयोग झाला. दहा पुरुषांना तीन आठवडे कमी आणि अवेळी झोपू दिलं. हाड भरण्याचं काम चाललं आहे हे दाखवणारा रक्तातला एक घटक त्यांच्यात घसरला. माणसं दहाच, आणि तीही पुरुष. त्यावरून आमच्या अम्मीचा निकाल लावता येणार नाही. पण दोन्हींचा रोख एकाच दिशेला आहे.

तेव्हा "नीट झोपा, हाडं लोखंडाची होतील" असं मी म्हणणार नाही. असं कुणी म्हणत असेल तर तो काहीतरी विकतो आहे. माझं म्हणणं वेगळं आहे.

हाड ठिसूळ झाल्याने नाही, पडल्याने मोडतं

ठिसूळ हाड घेऊन बाई वीस वर्षं जगू शकते. ते मोडतं बहुतेकदा पडल्यावर. आणि झोपेचा पडण्याशी संबंध समजायला कुठल्या प्रयोगशाळेत जावं लागत नाही. अर्धवट झोपेतून उठलेल्या माणसाचा तोल नीट नसतो. झटकन उभं राहिलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. त्यात अंधार, ओली फरशी, पायात लोळणारी ओढणी आणि सपाता. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन अभ्यासातल्या स्त्रियांमध्येही फार कमी झोपणाऱ्या आणि फार जास्त झोपणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या स्त्रिया वारंवार पडताना आढळल्या. म्हणजे बारा तास अंथरुणात पडून राहणं हाही इलाज नाही. ज्येष्ठांना साधारण सात ते आठ तासांची झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात.

दवाखान्यातून परत आल्यावर अम्मीची गादी उन्हात घालताना उशीच्या अभ्य्रात मला गोळ्यांची पट्टी सापडली. झोपेच्या गोळ्या. शेजारच्या बाईंना कुणीतरी लिहून दिलेल्या, त्यांनी अम्मीला दिलेल्या. "आधी आधी लेती थी मैं," अम्मी म्हणाली. रोज अर्धी. कधी रात्री बारा वाजता, आणि साडेतीनला उठायचं असायचं. म्हणजे गोळी अंगात असतानाच ती मोरीकडे निघालेली.

झोपेच्या गोळ्यांनी वृद्धांमध्ये पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची जी यादी अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना प्रसिद्ध करते, तीत या गोळ्या आहेत. आपल्याकडे त्या ओट्यावरून ओट्यावर फिरतात. दुखण्यावरच्या पुड्यांचंही तेच. सांधे दुखतात म्हणून कुणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड असलं, आणि ते महिनोन्महिने पोटात गेलं, तर हाडं आणखी ठिसूळ होतात. पण अशी कुठलीही गोळी या लेखामुळे एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली झोपेची गोळी किंवा स्टेरॉइड अचानक सोडणंही धोक्याचं असतं. पट्टी किंवा पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा.

अम्मीला गोळी का लागली, हे मात्र मी त्या दिवसापर्यंत विचारलं नव्हतं.

घरात झोप कुठे जाते?

मग मी हिशेब मांडला. अम्मी झोपायची बाहेरच्या खोलीत, दिवाणवर. ती खोली म्हणजे घराचा रस्ता. रात्री अकरापर्यंत तिथे टीव्ही. त्यानंतर नातू मोबाइल घेऊन तिथेच, कारण तिथे रेंज चांगली येते. साडेबाराला भाऊ दुकानाचा हिशेब करून पाणी प्यायला येणार. दीडला ती स्वतः लघवीला उठणार, पुन्हा साडेतीनला. मधुमेह असलेल्या बाईला हे चुकत नाही. साडेपाचला फजर. सहाला दूधवाला, आणि दार उघडायला दाराजवळ झोपलेलं माणूस उठणार. दुपारी पाहुणे. चारला चहा, साडेसहाला चहा, रात्री जेवणानंतर पुन्हा अर्धा कप. वर मिश्री. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा. चहातलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच पाच-सहा तास घेतं आणि तंबाखूतलं निकोटिन जागं ठेवणारं आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला झोप "येत नव्हती" असं आम्ही म्हणत होतो. खरं तर तिला झोपायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

रमजानमध्ये तर विचारूच नका. तरावीहनंतर पुरुष घरी येतात, थोडंफार खाणं होतं, भांडी घासून बायकांना पाठ टेकायला साडेअकरा-बारा होतात. सेहरी शिजवायला त्या साडेतीन-चारला उठतात. पुरुष आणि मुलं उठतात पाचला, ताटं वाढल्यावर. फजरनंतर पुरुष पुन्हा झोपू शकतो. बाईला शाळेचे डबे असतात. हे तीस दिवस. मी स्वतः पंचवीस वर्षं शाळेत शिकवते. रमजानमध्ये वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना डोळा लागल्याचं मला आठवतं. तेव्हा त्यालाही मी सवाब समजत होते.

इथे कुणीतरी म्हणेल की बाई, तुम्ही इबादतीच्या रात्रींवर बोट ठेवता आहात. नाही. मी वाटणीवर बोट ठेवते आहे. रोजा दोघांवर फर्ज आहे, पण सेहरीचा स्वयंपाक एकट्या बाईवर फर्ज आहे असं मला कुठे वाचायला मिळालं नाही. आणि इबादतीचंच म्हणाल, तर हदीसच्या संग्रहांत अब्दुल्लाह बिन अम्र यांचा प्रसंग आहे. ते रोज रोजा ठेवायचे आणि रात्रभर नमाजात उभे राहायचे. पैगंबर साहेबांनी त्यांना थांबवलं आणि समजावलं की शरीराचाही माणसावर हक्क असतो, डोळ्यांचाही असतो. हा उपदेश एका धडधाकट तरुणाला होता. सत्तरीतल्या मधुमेही बाईला तो लागू नाही काय? तहज्जुद म्हणजेसुद्धा झोपून उठल्यावरची नमाज, रात्रभर न झोपता वाचायची नव्हे. दुपारच्या वामकुक्षीला आपल्याकडे 'कैलूला' हा खास शब्द आहे. झोप ही अल्लाहची नेमत आहे हे आपण मानतो. मग ती घरातल्या थोरल्या बाईच्या वाट्याला कमी का यावी?

आजारी आणि वृद्ध माणसाला रोजातून सवलत आहे, फिदयाची सोय आहे. अम्मीला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण मोहल्ल्यातल्या बायका काय म्हणतील, हा प्रश्न तिच्यासाठी मसल्यापेक्षा मोठा होता. आपणच तो मोठा करून ठेवला आहे. सवलत घेणाऱ्या बाईकडे आपण कसं पाहतो, ते एकदा आठवून पाहावं.

ऊन, बुरखा आणि गच्ची

हाडांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तुमच्यात बुरखा असतो ना, म्हणून." त्यावर आपल्यातले काही जण चिडून म्हणतात की हा धर्मावरचा हल्ला आहे. मला दोन्ही उत्तरं आळशी वाटतात.

ड जीवनसत्त्व उन्हाने कातडीत तयार होतं. कातडी झाकलेली असेल तर कमी होतं. यात धर्माचा प्रश्न नाही, साधा शरीराचा व्यवहार आहे. पण बुरखा न घालणाऱ्या भारतीय बायकांमध्येही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास सापडते. माझ्या शाळेतल्या साडी नेसणाऱ्या सहकारी बाईंना माझ्याइतकंच कमी निघालं. सकाळी सातला शाळेत, संध्याकाळी घरात, मधे भिंती. काचेतून येणाऱ्या उन्हाने हे जीवनसत्त्व बनत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फार कमी बनतं, अकरा ते दोनच्या उन्हात जास्त. त्या वेळी घरातली बाई चुलीपुढे असते.

प्रश्न खरा आहे तो असा, की बाईला उघड्या हातापायांनी निर्धास्त बसता येईल अशी उन्हाची जागा आपल्या घरात, गल्लीत, मोहल्ल्यात आहे का? जुन्या वाड्यांत आतलं अंगण होतं. परदा पाळणाऱ्या बाईलाही ऊन मिळत होतं. आता अंगणं गेली, फ्लॅट आले, गच्चीला सोसायटीचं कुलूप आलं. परद्यावर वाद घालणारे दोन्हीकडचे लोक त्या कुलपावर बोलत नाहीत.

उन्हाचा झोपेशीही संबंध आहे. दिवसाचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराच्या घड्याळाला दिवस कळतो, आणि दिवस कळला तरच रात्र कळते. दिवसभर अंधाऱ्या खोलीत आणि रात्री बारापर्यंत ट्यूबलाइटखाली राहणाऱ्या बाईचं घड्याळ बिघडलं तर नवल नाही.

खाण्याचं थोडक्यात सांगते. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवून दिलं आहे. एक पेला दुधातून त्यातलं पाव भागाच्या आत मिळतं. नाचणी, तीळ, दही, पालेभाज्या आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, हे सगळं आपल्याच बाजारात मिळतं. अडचण बाजाराची नसते. घरात बाई शेवटी जेवते, आणि शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला दही उरत नाही, ही अडचण असते. शेवटी झोपणारी आणि शेवटी जेवणारी बाई एकच असते.

"वयाचं आहे ते"

वय झालं की झोप कमी होते, असं माझ्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाने सांगितलं. हे अर्धं खरं आहे. वयाबरोबर झोप हलकी होते, तुटक होते, लवकर जाग येते. पण शरीराची झोपेची गरज अर्ध्यावर येत नाही. आणि हलक्या झोपेच्या माणसाला तर शांत खोलीची गरज जास्त, कमी नव्हे. शिवाय "वयाचं आहे" म्हटलं की कारण शोधायचं राहून जातं. रात्री घोरणं आणि मधेच श्वास अडकणं हा झोपेचा आजार असू शकतो. पाळी जाण्याच्या वर्षांत अंगातून गरम वाफा येऊन झोप उडते, त्यावर उपचार आहेत. वारंवार लघवी होण्यामागे वाढलेली साखर असू शकते. पायांची तडफड, काळजी, नवरा गेल्यानंतरचं एकटेपण, या सगळ्याला "वय" हे एकच नाव दिलं की काम संपतं. आमचे अब्बा २०१६ साली गेले. अम्मीची झोप नेमकी तेव्हापासून गेली, हे भावाला आणि मला दवाखान्याच्या बाकावर बसून बोलताना पहिल्यांदा लक्षात आलं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. माझी एक विद्यार्थिनी, आता सोलापूरला दिली आहे, तिच्या सासूबाई विड्या वळतात. ती म्हणाली, "मॅडम, हजारावर मजुरी ठरते. झोपलं तर पान भिजवणार कोण?" मालेगाव-भिवंडीच्या मोहल्ल्यांत यंत्रमागांच्या खडखडाटात लोक रात्री काढतात. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपत असतील, तिथे "शांत, अंधारी खोली" हा सल्ला चेष्टेसारखा लागतो. हे मला मान्य आहे. झोप ही मजुरीशी, घराच्या जागेशी, रात्रपाळीशी जोडलेली आहे आणि त्याचं उत्तर एकट्या घराकडे नाही. पण ज्यांच्या घरात दोन खोल्या आहेत, टीव्हीचं बटण हाताशी आहे, आणि ताटं वाढायला धडधाकट मुलगा आहे, त्यांनी या बायकांच्या गरिबीच्या आड लपू नये. मी अशाच घरातली आहे आणि हा लेख आधी अशा घरांसाठी आहे.

आम्ही काय बदललं

शस्त्रक्रिया झाली. अर्धा सांधा बदलला. डॉक्टर म्हणाले, या वयात खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात जातो, आणि उरलेल्यांतले पुष्कळ जण पूर्वीसारखे चालत नाहीत. आमचं नशीब की अम्मी उभी राहिली. वॉकर घेऊन, पण उभी राहिली.

घरी आल्यावर तिला आतली खोली दिली. भावाची होती, भाऊ बाहेर आला. दोन दिवस त्याला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अम्मी इथं आठ वर्षं कशी झोपली?" मी काही बोलले नाही. मोरीच्या पायरीवर उतार केला आणि भिंतीला धरायला लोखंडी नळी बसवली. खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर मंद दिवा जळतो. विजेचं बिल किती वाढलं ते कुणाला जाणवलंही नाही. रात्री उठताना आधी खाटेवर दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं, हे तिला नातीने शिकवलं. संध्याकाळनंतरचा चहा बंद झाला. मिश्री बंद झाली नाही, रात्रीची तेवढी सुटली. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करत बंद केल्या. हाडांसाठी औषध सुरू आहे, ते नियमित घ्यावंच लागतं. झोप त्या औषधाची जागा घेत नाही. दुपारी ती अर्धा तास पडते, तेवढंच, जास्त झोपली तर रात्र जाते. सकाळी फिजिओथेरपिस्टने दाखवलेले उठबशीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करते. नमाज खुर्चीवर वाचते. सुरुवातीला त्यासाठी तिला फार वाईट वाटायचं. मग मस्जिदीतल्या बाईंनीच येऊन तिला समजावलं की जे जमत नाही त्याची सक्ती नाही.

पुढच्या रमजानमध्ये सेहरी भावाने आणि पुतण्याने केली. पहिल्या दिवशी पोळ्या जळाल्या. दहाव्या दिवसापर्यंत बऱ्या होऊ लागल्या. अर्धी तयारी रात्री नऊलाच करून ठेवायची, हे बायकांना चाळीस वर्षांत जे सुचलं नाही ते पुतण्याला आठवड्यात सुचलं. कारण त्याला स्वतःची झोप प्यारी आहे. मला त्याचा राग आला नाही. स्वतःची झोप प्यारी असणं हे बायकांनीही त्याच्याकडून शिकावं.

आणि मी? मी बावन्न वर्षांची आहे. पाळी जाऊन चार वर्षं झाली. अम्मीच्या डॉक्टरांनी आग्रह केला म्हणून डेक्सा स्कॅन करून घेतला. झोपून दहा-पंधरा मिनिटांत होतो, दुखत नाही. त्यात टी-स्कोर नावाचा आकडा येतो. उणे अडीच किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. माझा उणे २.१ आला. आईचा खुबा मोडला असेल तर मुलीचा धोका वाढतो, हेही त्याच दिवशी कळलं. स्कॅन बघून डॉक्टरांनी मला तोच प्रश्न विचारला. रात्री किती झोपता?

मी म्हटलं, "पाच तास." आणि काय सांगू, सांगताना आवाजात थोडा अभिमान होता. पेपर तपासते, लिहिते, घर बघते, आणि पाच तासांत भागवते. जो अभिमान मी अम्मीच्या गळ्यात घातला होता, तोच मी स्वतःच्याही गळ्यात घालून बसले होते.

वाचकहो, तुमच्या घरात आई असेल, सासू असेल, खाला किंवा फुफी असेल, तर आज रात्री एवढंच करा. ती कुठे झोपते ते पाहा. किती वाजता दिवा विझतो आणि पहिल्यांदा भांड्याचा आवाज किती वाजता येतो ते लिहून ठेवा. आठ दिवस लिहा. शुगरच्या वहीत जागा असतेच, तिथेच लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. आणि आकडा पाच आला, तर तिचं कौतुक करू नका. तिच्या वाट्याचं सकाळचं काम कोण करणार ते ठरवा.

आमच्या वहीत आता एक रकाना जास्त आहे. काल रात्री अम्मी साडेसहा तास झोपली.